मागची सीट

फ्लाइंग क्लबच्या दोन विमानांपैकी एकाचं इंजिन उघडून ठेवलेलं आणि दुसऱ्याचं चाक बदलून होईस्तोवर दुपार कलली. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "तासाभराची एकच फेरी होईल. अंधार पडला की धावपट्टी बंद."

विमानापाशी दोघं उभे होते. एक वस्ताद, क्लबमधले सगळ्यात जुने शिक्षक. हृदयाचा ठोका चुकतो म्हणून डॉक्टरांनी यंदा सही द्यायचं नाकारलं, आणि त्यांचं लायसन्स आज संपत होतं. आजची ही फेरी कधीपासून त्यांच्यासाठी राखून ठेवलेली. शेवटची. दुसरी त्यांची शिष्या. वस्ताद तिला चिमणी म्हणत. मोठ्या विमान कंपनीत घ्यायला विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवल्याचे जेवढे तास लागतात, त्यात तिला नेमका एक कमी पडत होता. अर्ज आज मध्यरात्रीपर्यंतच घेणार होते. पुढची भरती कधी, ते त्या कंपनीलाच ठाऊक.

चिमणी सकाळपासून मनात ही फेरी मागायचं एक वाक्य जुळवत होती. वस्तादांच्या अंगातला कडक इस्त्रीचा शर्ट पाहिला आणि तिने ते गिळून टाकलं.

"जा सर तुम्ही. मी खालून बघते."

"खालून बघून कुणी पायलट झाल्याचं ऐकलं नाही मी." वस्तादांनी डावीकडचं दार उघडलं. "बस."

"मग दोघं जाऊ. तुम्ही शेजारी बसा."

"शेजारी शिक्षक बसला की तास शिक्षकाच्या नावावर लागतो. शिकवलं होतं ना? एका विमानाला धनी एकच." ते वाकून आत शिरू लागले. "मी मागे बसतो."

"वस्ताद, मागे?" मेकॅनिक हसला. "गुडघे कानाला लागतील तुमचे."

"लागू देत. ही उतरवते तेव्हा कान झाकलेलेच बरे."

चिमणी जागची हलली नाही. "सर, अहो, ही तुमची शेवटची आहे."

"माझ्या इतक्या झाल्यात की एकीने माझं वजन वाढत नाही आणि घटत नाही. तुझं मात्र एकीवाचून अडलंय. चल, सूर्य काही तुझा मामा नाही थांबायला."

बोलली असती तर रडली असती. म्हणून ती सीटवर बसली आणि उड्डाणाआधीची तपासणी एकेक बाब मोठ्याने म्हणत करू लागली.

वर गेल्यावर ती वाट बघत होती, आता मागून आवाज येईल. नाक खाली कर. उजवा पाय दाब. झोपलीस का. काहीच आलं नाही. बऱ्याच वेळाने हेडफोनमध्ये वस्ताद म्हणाले, "हे तळं केवढं मोठं आहे गं."

"सर, त्याच्यावरून तर तुम्ही रोज जाता."

"जातो. बघतो कधी?"

एकदा त्यांनी विचारलं, ती लाल कौलं शाळेची का. एकदा नुसतेच "अरे वा" म्हणाले, कशाला ते सांगितलं नाही. तिने तास मन लावून भरला. त्यातलं एक मिनिटही वाया जाऊ नये, असं तिला वाटत होतं. तो तास कुणाच्या ताटातून आपल्या ताटात आला आहे, हे ती विसरू शकत नव्हती.

उतरायची वेळ झाली. त्याआधी विमान पट्टीला समांतर जातं; पट्टी डाव्या हाताला, वस्ती उजव्या हाताला. पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा चिमणीने याच जागी पंख डोलवले होते, कुंपणापाशी उभ्या असलेल्या बाबांसाठी. वस्तादांनी तिला आठवडाभर विमानाला हात लावू दिला नव्हता. "पंख म्हणजे काय रुमाल आहेत, हलवायला? इथे नजर पट्टीवर आणि काट्यांवर. तिसरीकडे गेली की गेलीस."

"चिमणे," मागून आवाज आला, "उजवीकडे पिवळ्या टाकीचं घर दिसतंय?"

"पट्टीकडे बघतेय सर."

"शाब्बास. तू बघूच नकोस, मी सांगतो. ते माझं घर. गच्चीवर आमची ही उभी आहे. चादर हलवतेय."

चिमणीने वेगाचा काटा पाहिला.

"मी वर असलो की ही गच्चीवर. विमान उतरेपर्यंत खाली बसायचं नाही, असा नेम आहे तिचा. घरी गेलो की विचारते, दिसले का? मी म्हणतो, दिसलीस की."

"आणि?"

"आज दिसली."

मग वस्तादांनी घसा खाकरला.

"काटे बघून झाले?"

"झाले सर."

"वेग?"

"बरोबर आहे."

"आसपास दुसरं विमान?"

"कुणी नाही."

"मग पंख जरा हलव."

तिने क्षणभर थांबून पुन्हा एकदा काटे पाहिले. मग विमान डावीकडे कललं, उजवीकडे कललं, पुन्हा डावीकडे, आणि सरळ झालं. तिने पट्टीवरची नजर काढली नाही.

"काय करतायत काकू?"

"चादर सुटली गं हातातून," वस्ताद म्हणाले. "दोन्ही हात वर करून नुसती उभी आहे."