तारेले बोट

शाल्मलीला जाऊन दोन महिने झाले, तेव्हा यज्ञेश्वरांनी लेकीची गिटार मांडीवर घेतली. पुसदच्या दुकानात गिटारीची तार छेडायची दहा प्लास्टिकची पिकं वाकवून पाहत त्यांनी एक मऊसं पिक निवडलं होतं.

ती चिडवायची, "बाबा, पिक कायले पाह्यजे तुमाले? तारेले बोट लागू द्या ना!"

पहिल्याच फटकाऱ्याला पिक निसटून गिटारीच्या पोटात पडलं. त्यांनी गिटार उलटी करून हलवली. आत खुळखुळलं, आणि तळहातावर पडली नखाची कोर. निळं नेलपॉलिश लावलेली.

दवाखान्यात बोटाला मशीन लावायची म्हणून तो निळा रंग त्यांनीच कापसानं पुसला होता, दहाही नखांवरचा.

त्यांनी कोरीवरून अलगद अंगठा फिरवला.

रंग अंगठ्याला लागला. अजून ओला होता.