ज्याची त्याची ऊब

ग्रँटने खोली तापवणाऱ्या सातव्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह उघडून पाहिला, परत बसवला आणि गुडघे झटकले. पुढची खोली तेवढी पाहायची राहिली होती, बाकी बिघाड कुठेच नव्हता. महिन्यापूर्वी हे काम त्यानेच केलं होतं. प्रत्येक खोलीची ऊब वेगळी, आणि सगळा कारभार फोनवरून. मागच्या खोलीत बावीस अंश ठरवलं होतं, बावीसच होतं.

"इथवर सगळं ठणठणीत आहे, मिसेस हॅलिवेल," तो म्हणाला.

डोरीनबाईंनी दार लोटून घेतलं. "ठाऊक आहे मला. तीच तर तक्रार आहे."

मग त्यांनी त्याला चहा दिला आणि सांगून टाकलं. संसाराची बेचाळीस वर्षं घरभरची ऊब कमी-जास्त करणाऱ्या, जिन्याखालच्या एका गोल बटणावरून भांडण्यात गेली होती. बाईंना थंडी सोसत नाही, नवऱ्याला, क्लिफर्डला, म्हणे उकडतं. तो बटण खाली करायचा, या वर करायच्या. दिवसातून दहादा दोघं तिथे समोरासमोर. बटणावरून निघालेला विषय शेजाऱ्यांवर, तिथून मेहुण्यावर, तिथून फुटबॉलवर जायचा आणि दोघांचा चहा गार व्हायचा. मुलीला वाटलं, आईबापांचा छत्तीसचा आकडा आहे. लग्नाच्या वाढदिवसाला तिने ही नवी सोय करून दिली. बटण गेलं, त्याबरोबर भांडणही गेलं. आता बाई मागच्या खोलीत बावीसमध्ये, नवरा पुढच्या खोलीत सोळामध्ये. महिनाभर जेवताना 'मीठ दे' एवढंच बोलणं.

"घरात नवरा आहे की भाडेकरू, तेच कळत नाही बाळा. त्याला सांग, हे मोडलंय. मी सांगितलं म्हणू नकोस."

तुम्हीच जाऊन त्यांच्याजवळ बसा की, असं ग्रँटने सुचवून पाहिलं. बाईंनी अशी नजर टाकली, की तो गुपचूप चहा प्यायला लागला. कणा ताठ असला तरी बाई आतून घाबरल्या होत्या. बेचाळीस वर्षं क्लिफर्डला हाच निवांतपणा हवा होता की काय, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

ग्रँट तसा सरळ माणूस. स्वतःच्या हातचं चांगलं काम मोडलं म्हणायला त्याची जीभ रेटेना. तरी बाईंकडे पाहून तो उठला.

पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि तो चपापला. क्लिफर्ड म्हातारा खुर्चीत बसला होता. अंगात ओव्हरकोट, कानांवर लोकरीची टोपी, मांडीवर घोंगडी, नाक लालबुंद. ग्रँटला हायसं वाटलं. खोटं बोलायची गरजच नव्हती, बिघाड या खोलीतच होता. त्याने वाकून व्हॉल्व्ह पाहिला. सोळा. ठरवलं होतं तेवढंच.

जिन्याखालचं ते जुनं बटण परत बसवता येईल का, म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

"येईल की. पण मिस्टर हॅलिवेल, तुम्हाला तर उकडतं ना?"

म्हाताऱ्याने मागच्या खोलीकडे कानोसा घेतला आणि आवाज आणखी खाली आणला.

"उकडतंय कुणाला? जन्मभर थंडीच वाजत आलीय मला. पण बटण खाली केलं, की ती उठून बाहेर यायची."