पुढच्या फळीवरची जागा

बस रे, होडी यायला अजून अर्धा तास आहे. तोवर ह्याच जेटीवर घडलेली एक गोष्ट सांगतो. फुकटची आहे, पण विसरणार नाहीस.

पुण्याहून गुरुप्रसाद म्हणून एक माणूस इथे देवबागात उतरला. खांद्याला पिशवी, पिशवीत फाइल. फौजेतल्या माणसांच्या, जखमी जवानांच्या पोरांना कॉलेजचा खर्च देणारी एक संस्था आहे. तिचा हा तपासनीस. हा लिहील ते शेवटचं.

फाइल होती सत्यवान केळुसकराच्या सलोनीची. पोर हुशार, बारावीला तालुक्यात दुसरी. बापाच्या कागदावर एवढंच लिहिलेलं, सुरुंगाच्या स्फोटात जखमी, अपंगत्व शंभर टक्के. आणि त्याला टाचलेलं एक निनावी पत्र. ‘सत्यवान धडधाकट आहे. दिवसभर खाडीत होडी वल्हवतो. त्याच्या मुलीला शिष्यवृत्ती देऊ नये.’

गुरुप्रसादने ठरवलं, आपण कोण ते सांगायचंच नाही. पर्यटक म्हणून होडीत बसायचं आणि गुपचूप बघायचं.

सत्यवान जेटीवर उभा होता. दंड हे असे. डोळ्यांवर गॉगल, पण तो तर इथले सगळेच होडीवाले लावतात, पाण्यावरचं ऊन सोसत नाही. गुरुप्रसादने हात मिळवायला पुढे केला. सत्यवानाने घेतला नाही.

“बसा सावकाश,” तो म्हणाला. “वजन मदी ठेवा.”

फौजी गडी, माज असणारच, गुरुप्रसादने मनात लिहून ठेवलं.

मग त्याने बघितलं ते असं. दोन हात शाबूत, दोन पाय शाबूत. दोरीची गाठ सत्यवानाने खाली न बघता सोडली, टुणकन होडीत आला, आणि वल्हं पाण्यात असं घातलं जसं आपण भातात बोट घालतो.

सलोनी पुढच्या फळीवर. तिचं तोंड काही थांबेना.

“बाबा, भाईची होडी येता, डावीकडसून.”

“बाबा, ओहोटी लागली, वाळू उघडी पडलीहा.”

“खांबार खंड्या बसलोहा.”

“आपलो नेहमीचो?”

“तोच. आज फुगान बसलोहा.”

“बायलेन भायर काढल्यान आसतला,” सत्यवान म्हणाला.

गुरुप्रसादला हसू आलं ते त्याने गिळलं. ही कॉलेजात जाऊन काय शिकणार, त्याला वाटलं, मास्तरालासुद्धा बोलू देणार नाही.

“मुलगी पुढे काय करणार?” त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

“पुण्याक जातली. इंजिनियर होतली. एक संस्था आसा, आमच्यासारख्या फौजींच्या पोरांका शिकवता. ह्या चेडवाक मन नव्हता, मीच समोर बसवन अर्ज लिवन घेतलंय. हय रवान काय करतला? माझ्याबरोबर खाडी मोजतला?”

सलोनी गप्प झाली. सगळ्या फेरीत पहिल्यांदाच. थोडा वेळ नुसता वल्ह्याचा आवाज. आणि होडी खसकन वाळूवर चढली.

“काय गो, तोंडाक कुलूप घातलंस?” म्हणत सत्यवान गुडघाभर पाण्यात उतरला आणि एकट्याने खांदा लावून होडी मागे लोटली.

शंभर टक्के अपंग म्हणे. गुरुप्रसादचा निकाल तिथेच लागला.

पण माणूस सरळ होता. पाठीमागून वार करायचा नाही, तोंडावर सांगायचं. जेटीला लागल्यावर त्याने फाइल काढली.

“केळुसकर, मी त्या संस्थेचा माणूस. हे पत्र तुमच्या गावातून आलंय. वाचा.”

सत्यवानाने कागद बोटांत चाळवला आणि सलोनीकडे धरला. “वाच गो.”

“तुम्हीच वाचा ना,” गुरुप्रसाद म्हणाला.

“आमच्या घरात वाचूचा काम ह्येचा.”

सलोनीने कागद बघितला. बराच वेळ बघितला. मग शाळेत वाचतात तसं शुद्ध वाचलं, “यंदाच्या सर्व जागा भरल्या आहेत. आपला अर्ज विचारात घेता येत नाही.”

गुरुप्रसादला ठाऊक होतं, पत्रात ह्यातला एक शब्दही नाही. पोर त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाप खाडीकडे तोंड करून उभा.

“आसांदे,” सत्यवान म्हणाला. “दुसऱ्या कोणा जवानाचा पोर शिकतला.” पण बांधलेल्या दोरीची गाठ तो पुन्हा चाचपू लागला.

गुरुप्रसादने पत्र तिच्या हातातून घेतलं. फाइलमधला अर्ज काढून शेजारी धरला. अक्षर एकच होतं.

मग तो पुढे झाला, आणि ह्या खेपेला त्याने आपणच सत्यवानाचा हात धरून हातात घेतला.

“तिची शेवटची ओळ राहिली वाचायची,” तो म्हणाला, आणि त्याच पत्राकडे बघत मोठ्याने वाचलं, “मात्र कुमारी सलोनी सत्यवान केळुसकर हिला खास बाब म्हणून शिष्यवृत्ती मंजूर करण्यात येत आहे.”

“माका म्हायत होता,” सत्यवान हसला. “ह्या चेडू खंयचो कागद पुरो वाचना नाय.”

सलोनी आवाज न करता रडत होती. बाप हसतच राहिला.

झाली दोन वर्षं. ती बघ, त्याचीच होडी लागतेय. मागे नको बसू, पुढच्या फळीवर बस. त्या सुरुंगाने त्याचे दोन्ही डोळे नेलेत, आणि सलोनी आता पुण्यात आहे. तेव्हा एवढं कर माझ्यासाठी, होडी, वाळू, खंड्या, वाटेत दिसेल ते मोठ्याने सांगत रहा, गप्प म्हणून बसू नको.