दहा वाजून दहा

"चोरा! हे माझं स्टिअरिंग आहे!"

जुन्या सुट्या भागांच्या त्या अख्ख्या गल्लीने माना वळवल्या. दुकानात गाड्यांची दारं, दिवे, आरसे टांगलेले होते आणि त्यांच्यामधे एका खिळ्याला ते स्टिअरिंग लटकत होतं. मास्तरांनी ते दारातूनच हेरलं होतं. तडक आत घुसून त्यांनी ते खाली ओढलं. सोबत दोन आरसे आणि एक भोंगाही खाली आला. येऊ दे! आठवडाभर ते आतल्या आत धुमसत होते.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. निम्म्या गावाने त्यांच्या शिव्या खात क्लच सोडायला शिकून घेतलं. शिकणाऱ्याचे हात भरकटतात, म्हणून ते स्टिअरिंगवर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावत. घड्याळात दहा वाजून दहा झाले की काटे जिथे असतात, बरोबर तिथे. तिथून हात हलला की बोटांवर टपली. आता शिकवणी बंद झाली होती. उरली होती घरची जुनी गाडी आणि एकच काम, नातीला शाळेत सोडायचं. त्या कामासाठी ते पहाटेपासून तयार होऊन बसत.

आणि एका सकाळी अंगणातल्या गाडीत स्टिअरिंगच नव्हतं. चाकं होती, दिवे होते, नेमकं तेवढं गायब! मेल्याने नेलं तरी काय नेलं! तेव्हापासून नात आजीचा हात धरून बसने शाळेत जात होती. बसने! मेंढरांसारखं कोंबून घ्यायचं आणि दुसरा नेईल तिकडे जायचं, असं मास्तर म्हणत. जन्मात ते बसची पायरी चढले नव्हते. हल्ली रस्त्यावर माणसं कुठूनही उगवतात, हॉर्न ऐकत नाहीत, याचाही त्यांना फार राग होता. पण गाडी चालवायची ती स्वतःच.

"मास्तर, जरा ऐका तर," दुकानदार म्हणाला. "मला ओळखलं नाहीत का? मी तुमच्याकडेच शिकलोय."

"माझ्याकडे शिकलास आणि माझ्याच गाडीवर हात मारलास? चोर तो चोर, वर शिरजोर!"

"तसं नाही हो. तुमचं बघून सगळेच अशी पट्टी लावतात. अर्ध्या गावाच्या स्टिअरिंगवर…"

"माझी पट्टी मला शिकवतोस?" मास्तरांनी स्टिअरिंग त्याच्या नाकासमोर नाचवलं. "ही पांढरी पट्टी दिसत नाही तुला? डोळे फुटले का तुझे?"

एक गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. दुकानदाराने त्याच्याकडे असं काही पाहिलं की ते जागच्या जागी गप्प झालं. मग त्याने पट्टीकडे पाहिलं. मास्तरांकडे पाहिलं. चारचौघांत चोर ठरल्याने त्याचे कान लालबुंद झाले होते.

"न्या मास्तर," तो हळूच म्हणाला. "तुमचंच असेल."

"असेल नाही, आहे!"

लढाई जिंकल्यासारखे मास्तर घरी आले. "सापडला चोर!" ते दारातूनच गरजले. "उद्यापासून पोरीला मी सोडणार. बस नाही नि बिस नाही!"

बायकोने हात पुसत स्टिअरिंग घेतलं, उजेडात धरलं आणि तिचा चेहरा पडला.

"अहो, हे कुणाचं उचलून आणलंत?"

"कुणाचं म्हणजे? डोकं फिरलं का तुझं?"

ती तडक आत गेली. गाद्यांच्या पेटीचं झाकण करकरलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चादरीत गुंडाळलेलं दुसरं स्टिअरिंग होतं. तिने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"तू?" मास्तरांचा आवाज चिरकला. "माझ्या घरात चोर? माझी बायको?"

"हो, मीच काढलं! मधल्या नटाला पाना लावायला तुम्हीच शिकवलंत ना, हॉर्न बिघडला तेव्हा?" तीही आता भडकली होती. "गोडीत सांगून थकले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की अंगावर येता. पोरगी मला काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आजी, आजोबा रोज सिग्नलला मलाच विचारतात, लाल आहे का हिरवा!"

"ते… मी तिची परीक्षा घेत होतो."

"मग आता तुम्ही द्या परीक्षा. यातल्या एकावर पांढरी पट्टी आहे, एकावर पिवळीधमक. दाखवा, तुमचं कुठलं?"

मास्तर टेबलावर वाकले. आणखी वाकले, पार नाक टेकेपर्यंत. दोन्ही पट्ट्या सारख्याच मळकट दिसत होत्या. त्यांनी दुकानातून आणलेल्या स्टिअरिंगवर दहा वाजून दहाला हात ठेवले. ते परकं होतं. मग दुसऱ्यावर ठेवले. उजव्या अंगठ्याखाली झिजून पडलेला खळगा लगेच लागला. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात जागच्या जागी, शिकवत होते तसे.

"त्याला मी चोर म्हणालो गं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. आणि त्याला कळलं होतं. तरी बोलला नाही."

मास्तरांनी दुकानातलं स्टिअरिंग चाचपून उचललं, काखेत मारलं आणि चपला पायात सरकवल्या. दाराशी जाऊन ते थांबले.

"बसचा थांबा कुठे असतो?" त्यांनी विचारलं.