उपाशी कप्तान

"काय रं इंद्र्या, तुला मी कधी उपाशी निजवलं?" सत्काराच्या मांडवात शिरता शिरता आईनं हळूच विचारलं.

भारताच्या फुटबॉल संघाचा कप्तान झालेला इंद्रजित उगाच बुटाची नाडी बांधायला वाकला. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यानं आधी खरं तेच सांगितलं होतं: बाप लवकर गेला, आईनं धुणीभांडी केली, कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघानं जुने बूट दिले. पण मुलाखत घेणाऱ्या बाई रुमाल काढून तयारीत बसल्या होत्या. त्यांची निराशा नको म्हणून त्यानं उपाशीपोटी झोपण्याचं एक वाक्य वाढवलं. बाई रडल्या, मुलाखत गाजली आणि या माउलीनं पोराला उपाशी ठेवलं हे अख्ख्या पेठेला कळलं.

आज निवेदकानंही तेच वाक्य घोळवून घोळवून सांगितलं. शरमेनं लाल झालेल्या इंद्रजितनं माईक ओढून घेतला.

"ते मी खोटं बोललो. मी एकदाही उपाशी झोपलो नाही. उपाशी आई झोपायची."

निवेदकानं माईक परत घेतला. "बघा मंडळी! आईची अब्रू राखायला पठ्ठ्या स्वतःची भूक नाकारतोय!"

तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, हलगी कडाडली. गलका ओसरला तेव्हा पहिल्या रांगेतल्या शेजारच्या काकू आईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"जाऊ दे गं. गरिबीत हुतंय असं."

आईनं एकदा स्टेजवरच्या लेकाकडं बघितलं.

"व्हय वैनी," ती म्हणाली, "चुकलंच माझं."