मोगऱ्याला बरकत

शेजारच्या गोकुळच्या गेटापुढं आणखी एक गाडी थांबली, आणि कारभारींचा चहा बशीतच निवला.

"बघ, आलं गिऱ्हाईक," ते खिडकीजवळच्या खाटेकडं वळून म्हणाले. "आपल्या दारात काल एक जण आला, तो पाणी पिऊन गेला."

खाटेवर त्यांच्या पत्नी वच्छलाबाई होत्या. दिवाळीनंतर त्यांचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ती खाट आणि ती खिडकी एवढंच त्यांचं जग होतं. मुलानं, सार्थकनं, पुण्यात दवाखान्याजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट बघून ठेवला होता. तिथं रोज व्यायाम करून घेतला तर आई पुन्हा चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण फ्लॅटवाला वैशाखापलीकडं थांबायला तयार नव्हता, आणि सिडकोतलं हे घर विकल्याशिवाय तो फ्लॅट हाती येणार नव्हता.

"अतुलला व्हय म्हणला असता तर," वच्छलाबाई पुटपुटल्या.

अतुल म्हणजे औरंगपुऱ्यातला घरांचा दलाल. गोकुळच त्याला घेऊन आला होता. कारभारींनी दोघांना ओट्यावरूनच वाटेला लावलं. "देवाच्या दारात मला मध्यस्थ लागत नाय, मग माझ्या दारात कशाला? माझं घर मी इकीन."

त्याच आठवड्यात गोकुळच्या गेटावर चकचकीत बोर्ड लागला. घर विकणे आहे, आणि खाली अतुलचा नंबर. कारभारींच्या गेटावर सुतळीनं बांधलेला पुठ्ठा होता. तो वारं आलं की उलटा व्हायचा.

"इतक्या वर्षांचा शेजार," कारभारी म्हणाले. "आन् याला आत्ताच घर इकायचं सुचलं. जळतो माझ्यावर, दुसरं काय."

वच्छलाबाईंनी मान खिडकीकडं वळवली.

जळत होते ते कारभारीच. गोकुळनं किंमत सांगितली होती ती इतकी चढी, की ऐकून हसू यावं. तरी गाड्या त्याच्याच दारात. अतुल माणसं आणायचा, गोकुळची द्वारकाबाई सरबत द्यायची, आणि इकडं कारभारी पडद्याआडून एकेका गाडीचा रंग लक्षात ठेवायचे.

एकाच गोष्टीत ते गोकुळला वरचढ होते. नळ आठ-आठ दिवस येत नव्हता. गोकुळची बाग, जिच्याकडं बघून कारभारींनी कितीदा तरी उसासे टाकले होते, ती यंदा वाळून कोळ झाली होती. इकडं वच्छलाबाईंचा मोगरा, लिंबू, कढीपत्ता, सगळं हिरवंगार. कारभारी सकाळी तुळशीला एक तांब्या घालत, तेवढंच त्यांचं बागकाम.

"कीर्तनाची बरकत हाय ही," ते येईल त्याला सांगत.

चौकातल्या देवळात महिनाभर रोज संध्याकाळी कीर्तन होतं. मृदंगावर थाप पडली की कारभारींचे पाय घरात ठरत नसत. बायकोला एकटं टाकून जाणं एखाद्या दिवशी जिवावर आलं, तर तीच त्यांना बाहेर काढायची. "जावा की. मी कुठं पळून चालले? तुमच्या कीर्तनावरच तर माझी झाडं जगत्यात."

गोकुळ पूर्वी तिथं टाळ धरायचा. यंदा फिरकला नव्हता. एकदा कारभारी देवळातून परतले, तेव्हा तो आपल्या ओट्यावर पाय धूत बसला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पावलं चिखलानं भरलेली.

"काय गोकुळराव, कीर्तनाला सवड नाय वाटतं?"

"नाय जमत, दादा. नेमकं त्याच टायमाला काम निघतं."

"निघणारच. गिऱ्हाईकांच्या सरबराईत देव कुठला आठवायचा?"

"व्हय, तसंच धरा," म्हणून गोकुळ हसला.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी मत्सरावर निरूपण केलं. दुसऱ्याचं बरं बघून ज्याचा जीव तळमळतो, त्याच्या दारातून देव परत जातो, असं त्यांनी सांगितलं. कारभारींच्या डोळ्यांना धार लागली. हे गोकुळनं ऐकायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.

रविवारी शेंद्र्याच्या कंपनीतला बद्रीनाथ नावाचा माणूस बायकोला घेऊन गोकुळचं घर बघायला आला. दोघं तोंड पाडूनच बाहेर पडली. बायकोची नजर भिंतीवरून अलीकडं गेली.

"अहो, मोगरा बघा कसला फुललाय."

अतुल तेवढ्यात फोन कानाला लावून पाठमोरा झाला. ही संधी सोडतील ते कारभारी कसले? पायात चप्पल न घालताच ते गेटाशी पोचले.

"या ना, आत येऊन बघा. हे पण इकायचंच हाय. मधी दलाल नाय, जे काय बोलायचं ते माझ्याशी."

दोन दिवसांनी इसार हातात पडला. सार्थकला फोन गेला. वच्छलाबाईंनी उजव्या हातानं डोळे पुसले आणि देवाला हात जोडता येईना म्हणून नुसतं कपाळाला बोट लावलं.

कारभारींचा आनंद वेगळाच होता. "त्याच्या दारातलं गिऱ्हाईक ओढून आणलं मी. अतुल बघतच राह्यला."

गुलमंडीवरून त्यांनी पेढ्यांचे दोन पुडे आणले. एक देवाला, एक गोकुळला. गोकुळचा पुडा कीर्तनाहून येताना द्यायचा, सावकाश, त्याचं तोंड नीट बघत.

संध्याकाळी ते निघाले आणि चौकात पोचल्यावर ध्यानात आलं, दोन्ही पुडे घरीच राहिले. ते माघारी फिरले.

गेट उघडं होतं. आत मोगऱ्याच्या आळ्यापाशी गोकुळ बसला होता, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. त्याच्या हौदातून निघालेला पाइप भिंतीवरून अलीकडं उतरला होता आणि त्याचं टोक त्याच्या हातात होतं.

कारभारी जागच्या जागी थांबले. खिडकीतून वच्छलाबाईंचा आवाज आला.

"बास करा आता, गोकुळभाऊ. इकलं एकदाचं आमचं घर. राह्यलेलं पाणी तुमच्या झाडांना घाला, आन् सकाळच्याला तेवढा तो बोर्ड काढा बरं. नायतर एखादा खरंच तुमचं घर घ्यायला यायचा."