हललं की लागतो

"दिवा कशाला हवा, राजा? मी आहे ना इथे."

अंधारातून यायचा हा आवाज, उशीच्या अगदी लगतून. ऐकणारा तेव्हा जेमतेम उशीएवढा होता. आता पन्नाशीला आलेला तो मुलगा आईच्याच खोलीत स्टुलावर उभा होता. दारावरच्या भिंतीत सेन्सर बसवता बसवता, ओठांत स्क्रू धरून, तोच आवाज ऐकत होता.

घर सुधारत होतं. छतावर सोलरच्या पाट्या चढल्या. स्वयंपाकघरात सालींचा डबा वेगळा झाला, उष्ट्याचा वेगळा. खिडक्यांना दुहेरी काचा आल्या, त्यांवर जाड पडदे, आतली ऊब बाहेर जायला नको म्हणून. आणि दिवे असे, की माणूस आला की आपसूक लागायचे, गेला की विझायचे. भिंतींवरची बटणं त्याने स्वतःच्या हाताने काढली. वसाहतीत जे घर सगळ्यात कमी वीज जाळील, त्याच्या दारावर पितळी पाटी लागणार होती.

आई खाटेवर होती. झटका आला तो सगळं घेऊन गेला, मान आणि उजव्या हाताची बोटं तेवढी ठेवून. आणि जीभ, असं सून म्हणायची.

दिव्याला बोटं दिसत नव्हती. कोणी येऊन पाणी पाजून गेलं, की मागे उजेड थोडा घुटमळायचा, खोलीत काही हलत नाही असं पाहायचा आणि निघून जायचा. भर दुपारी पडद्याआड काळोख. आई मान इकडून तिकडे करायची, चादरीवर बोटं नाचवायची. पडदा सरकवा म्हटलं, तर ऊब जाते.

सुनेला तिने हसत हसत सांगितलं, की या मेल्या दिव्याच्या लेखी मी कधीचीच गेले. सूनही हसली. मग आईने न हसता सांगितलं, की काळोखात माझा हात कुठे संपतो आणि खाट कुठे सुरू होते तेच कळेनासं होतं, जीव घाबरा होतो गं. उशाशी एक साधं बटण द्या, बोटाने दाबता येईल असं. सुनेने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, बघू. पुढच्या वेळीही म्हणाला, बघू.

पाटीसाठी घर तपासायला वसाहतीकडून एक बाई आल्या. त्यांनी सालींचे डबे उघडून पाहिले, नळ सोडून पाहिले, पडद्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं. सगळ्यात शेवटी त्या आईच्या खोलीत शिरल्या. दिवा लख्ख लागला. बाईंनी फोनवर वापराचे आकडे काढले आणि त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, साऱ्या घरात ही खोली पहिली, इथे वीज जवळजवळ जळतच नाही. एवढी काटकसर शिकलात तरी कुठे?

"आईकडून," मुलगा म्हणाला.

आई खुलली. बटणाचं गाऱ्हाणं या बाईंपुढे मांडायचं तिने मनात योजलं होतं, पण लेकाच्या कौतुकावर विरजण कशाला, म्हणून ते गिळलं आणि त्याच्या लहानपणाचं काढलं. असा भित्रा, सांगत होती, की दिव्याशिवाय डोळ्याला डोळा लागायचा नाही. घरात आम्ही दोघंच, आणि मला रात्रपाळी, इस्पितळाच्या धुलाईघरात. मग मी काय करायची, दिवा मालवायची, उशाशी बसायची आणि म्हणायची, मी आहे ना इथे. चार थोपटण्यांत गाढ. की चपला हातात घेऊन मी बाहेर, बाहेरून कडी. पहाटे त्याच्या आधी पुन्हा उशाशी हजर.

"इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाही," ती म्हणाली. "आज कळतंय बघा त्याला."

बाई हसल्या. सून हसली. मुलगा पडद्याच्या चुण्या सारख्या करत होता.

पाटी मिळाली आणि मिळाली त्याच संध्याकाळी दारावर चढली. स्टूल परत जागेवर ठेवायला मुलगा आईच्या खोलीत आला. दिवा लागला.

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता तेवढं बटण बसव रे."

तो जाता जाता दाराशी थांबला. वळला.

"बटण कशाला हवं, आई? मी आहे ना इथे."

आईला हसू आलं. माझंच मला ऐकवतोस होय रे लबाडा, म्हणाली.

तो हसला नाही. हललाही नाही. हात अंगासरसे, पाय जुळवलेले, नुसता उभा राहिला. दिव्याने जराशी वाट पाहिली आणि तो विझला.

"हल की जरा."

काळोखात काहीच हललं नाही.

"आहेस ना रे?"

चादरीवर बोटं खरडल्याचा आवाज आला. पाऊल वाजलं नाही. कडी वाजली नाही.

"गेलास का, राजा?"

"मला झोप लागलेली नसायची, आई," तो म्हणाला.